मेडिकलची तयारी, कोकणात बसून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अठरा वर्षं मी राजापूरकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. बारावीचे पेपर तपासून झाले की आंबे, आंबे संपले की पालकांचे फोन, असं आमचं वर्ष चालतं. माणसं बदलतात, प्रश्न तेच राहतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. तारखा आणि फॉर्मचे तपशील दरसाल थोडे हलतात, ते त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत बघा. बाकीचं आधी वाचा आणि मग फोन करा.

आमच्या वेळी सीईटी होती. आता ती नाही का?

आहे, पण मेडिकलला ती चालत नाही. मेडिकलची देशभराची एकच प्रवेश परीक्षा म्हणजे नीट. 2013 साली ती पहिल्यांदा झाली, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, आणि 2016 मध्ये ती परत आली. आता एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस या सगळ्यांची वाट नीटमधूनच जाते. फार्मसीला पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) ग्रुपची एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची परीक्षा, चालते. बीएस्सी नर्सिंगची सीईटी आणखी वेगळी. "मॅडम, सीईटीचा फॉर्म भरलाय, म्हणजे मेडिकलचं झालं ना?" असं विचारणारा एक तरी पालक मला दरवर्षी भेटतो, आणि बहुतेक वेळा तो नीटच्या फॉर्मची मुदत संपल्यावरच भेटतो.

पेपर असा असतो: 180 प्रश्न, 720 मार्क. फिजिक्स 45, केमिस्ट्री 45, बायोलॉजी 90. बरोबर उत्तराला 4, चुकलं तर 1 वजा. 2025 पासून वेळ तीन तास. मधली काही वर्षं असलेली पर्यायी प्रश्नांची सवलत गेली. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षं पूर्ण हवीत. वरच्या वयाची अट आता नाही. बारावीला खुल्या वर्गाला पीसीबीत 50 टक्के लागतात, राखीवला 40.

कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं येतं. मग नीटला आपली मुलं मागे का?

कोकण विभागीय मंडळाचा निकाल 2012 पासून सतत राज्यात अव्वल आहे, आणि त्याचा मलाही अभिमान आहे. पण ती उत्तीर्णांची टक्केवारी आहे. शंभरातली किती मुलं पास झाली एवढंच तिच्यावरून कळतं. नीट कोणाला पास करत नाही, ती रांग लावते. 2025 साली 22 लाखांहून जास्त मुलं बसली, त्यांतली 12 लाखांहून जास्त "पात्र" ठरली, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. आता हिशोब तुम्हीच करा.

दुसरं असं की आमच्या मुलांना लिहायची सवय असते. "स्पष्टीकरण द्या" म्हटलं की पानभर सुरेख अक्षरात आकृतीसह उत्तर. नीटमध्ये कोणी अक्षर बघत नाही. चार विधानं देतात, त्यांतली दोन चुकीची असतात, आणि ती एका मिनिटात ओळखायची असतात. मुलांना विषय येत असतो, तरी प्रश्न चुकतो. ही सवय लागायला दीड-दोन वर्षं जातात. बारावीची परीक्षा संपल्यावर उरतात ते दोन महिने त्यासाठी पुरत नाहीत.

म्हणून "तयारी कधी सुरू करायची" याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: अकरावीच्या पहिल्या पावसात. नीटचा जवळजवळ निम्मा पेपर अकरावीचा असतो, आणि अकरावी म्हणजे दहावीनंतरची विश्रांती असा आमच्याकडे समज आहे.

बायोलॉजी कुठून वाचायची? बालभारती की एनसीईआरटी?

बोर्डासाठी बालभारती, नीटसाठी एनसीईआरटी. दोन्हीत बराचसा भाग सारखा आहे, तरी नीटचा प्रश्न एनसीईआरटीच्या वाक्यातून उचललेला असतो, कधी कधी आकृतीखालच्या बारीक ओळीतूनसुद्धा. त्यामुळे आधी एनसीईआरटीचा धडा ओळ न ओळ वाचायचा, मग बालभारतीत काय जास्त आहे ते बघायचं. उलट क्रमाने वाचलं तर दमायला होतं. गाईडं विकत घेताना वर्ष बघा. 2024 च्या परीक्षेपासून अभ्यासक्रम कापला गेला, आणि जुनी जाडजूड पुस्तकं रद्दीच्या भावात अजून फिरतायत. वगळलेल्या धड्यांवर महिना घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता जरा माझ्या आवडीचं. कोकणातल्या मुलाला बायोलॉजी पाठ करावी लागते याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. कॉन्ड्रिक्थीज म्हणजे कूर्चेचा सांगाडा असलेले मासे. एनसीईआरटीत उदाहरणं आहेत स्कोलिओडॉन आणि ट्रायगॉन. मुलं ही नावं घोकतात, विसरतात, परत घोकतात. मी त्यांना सकाळी साखरीनाट्याच्या जेटीवर नेते. स्कोलिओडॉन म्हणजे आपली मोरी, ट्रायगॉन म्हणजे पाकट. मोरीच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरव म्हणते. काचकागदावर फिरवल्यासारखा लागतो, ते प्लॅकॉइड खवले. मानेच्या बाजूला उघड्या फटी दिसतात, म्हणजे कल्ल्यांवर झाकण नाही. तोंड पोटाकडे. शेजारच्या टोपलीतली सुरमई उचलली की कल्ल्यावरचं झाकण लगेच बोटाला लागतं. तो ऑपरक्युलम. आणि घोळीचं भोत, ज्याला व्यापारी मासळीपेक्षा जास्त पैसे मोजतात, तोच एअर ब्लॅडर. मोरीला भोत नाही, म्हणून ती सारखी पोहत राहते, थांबली की बुडेल. हे एकदा हाताने पाहिलेलं पोर त्या धड्यावरचा प्रश्न चुकवत नाही. मासे विकणाऱ्या मावशी मात्र मला बघितलं की म्हणतात, "आली मास्तरीण, घेणार काही नाही, नुसती चिवडणार."

परसातही तेच. शहाळ्यातलं पाणी म्हणजे पेशीभित्ती न घातलेला, नुसत्या केंद्रकांचा एंडोस्पर्म, आणि पांढरं खोबरं म्हणजे पेशीमय एंडोस्पर्म. यावर प्रश्न येऊन गेले आहेत. आंबा आणि नारळ दोन्ही ड्रूप, म्हणजे आत कडक कवच असलेली फळं: आंब्यात मधला थर आपण खातो, नारळात त्याचंच सोडण होतं. आंब्याचा कडक बाठा म्हणजे एंडोकार्प. काजूचं बोंड हे खोटं फळ, कारण त्यात थॅलॅमसचा वाटा. मे महिन्यात काजू सोलताना हाताला चीक लागलेल्या मुलाने हे उत्तर चुकवावं? पण चुकवतात, कारण पुस्तक आणि परस यांच्यामध्ये कोणी दार उघडलेलंच नसतं.

फिजिक्सचं काय करायचं?

रोज वीस गणितं. सुट्टीच्या दिवशीही. यापलीकडे माझ्याकडे काही नाही, मी बायोलॉजीवाली. एवढं मात्र दिसतं की आमच्या भागात मुलं फिजिक्समध्ये अडकतात, आणि अडकतात ती बहुतेक वेळा दहावीच्या गणितात कच्ची राहिल्यामुळे. लॉग, त्रिकोणमिती, आलेख यांच्यासाठी अकरावीचा पहिला महिना द्या. 2025 चं फिजिक्स इतकं अवघड होतं की देशात पहिल्या आलेल्याला 720 पैकी 686 मिळाले, आणि आदल्या वर्षी 720 पैकी 720 घेणारे अनेक होते.

माहीत नसलेल्या प्रश्नाला गोळा काळा करावा का?

चारांपैकी एकही पर्याय कापता येत नसेल तर सोडा. दोन पर्याय नक्की चूक आहेत असं कळत असेल तर उरलेल्या दोघांतला एक भरा. दोनांत एक म्हणजे सरासरीने दीड मार्क पदरात पडतो. आंधळेपणाने भरलं तर गणिताने पाव मार्क मिळतो, पण त्या पाव मार्कासाठी जीव धडधडतो आणि पुढचे चार सोपे प्रश्न चुकतात. 150 बरोबर आणि 30 कोरे म्हणजे 600. 150 बरोबर आणि 30 चूक म्हणजे 570. या तीस मार्कांत राज्याच्या यादीत हजारो मुलं बसलेली असतात.

ओएमआरचा, म्हणजे गोळे भरायच्या उत्तरपत्रिकेचा, सराव घरी करा, तोही खऱ्या कागदावर. मोबाइलवर टेस्ट देऊन गोळे भरण्याचा वेळ कळत नाही. एक प्रश्न सोडला आणि गोळा मात्र ओळीने भरत गेलो, ही चूक माझ्या एका हुशार विद्यार्थिनीने 114 व्या प्रश्नापासून केली होती. शेवटच्या दहा मिनिटांत लक्षात आलं. पेनाने भरलेला गोळा खोडता येत नाही.

लातूरला पाठवू का? की कोल्हापूर, पुणे, कोटा?

लातूरला शिस्त आहे, हजारो मुलं एकाच कामाला लागलेली आहेत, आणि त्या हवेचा फायदा काहींना होतो. सगळ्यांना होत नाही. पंधरा वर्षांचं पोर, घरी माशाची आमटी आणि भात, तिकडे गेल्यावर मेसची भाकरी आणि सहा मुलांच्या खोलीत एक पंखा. माझ्या पाहण्यातली निम्मी मुलं पहिल्या दिवाळीत घरी येतात तेव्हा वजन उतरलेलं असतं आणि बोलणं कमी झालेलं असतं.

माझ्या स्वतःच्या भाच्याचं सांगते. एका मोठ्या शहरातल्या क्लासने दोन वर्षांची फी एकरकमी भरून घेतली. सहा महिन्यांनी पोराला कावीळ झाली, घरी आणावं लागलं. पैसे परत मागितले तर पावतीच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर दाखवला. हप्ते मान्य असतील तरच पुढे बोला, आणि पावतीची मागची बाजू आधी वाचा.

जाणार नसाल तर घरी काय हवं तेही सांगते. दर आठवड्याला एक बाहेरची टेस्ट, चुकलेल्या प्रश्नांची वही, आणि शंका विचारायला एक माणूस. ऑनलाइन क्लास चालतो, रेंज असेल तर. नसेल तर व्हिडिओ रात्री सड्यावर, म्हणजे उंचावरच्या माळावर, किंवा स्टँडवर जाऊन डाउनलोड करून आणणारी मुलं आहेत, आणि त्यांतली काही आज डॉक्टर आहेत.

पेपर मराठीतून देता येतो म्हणे. द्यावा का?

देता येतो. मराठी निवडली की प्रश्नपत्रिका इंग्रजी-मराठी अशी दोन्ही भाषांत येते, आणि दोहोंत फरक निघाला तर इंग्रजी मजकूर खरा धरतात. पण आपलं अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतून होतं. शाळेत ज्याला तंतुकणिका, लयकारिका, आंतर्द्रव्यजालिका म्हणत होतात, त्यांना दोन वर्षं मायटोकाँड्रिया, लायसोसोम, ईआर म्हणून झालं. परीक्षेच्या दिवशी परत तंतुकणिकेकडे जाण्यात काही हशील नाही. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्यांना पहिले सहा महिने इंग्रजी शब्द टोचतात, नंतर सवय होते. मी स्वतः त्यांतलीच.

आम्ही सावंतवाडी-दोडामार्गकडचे. मुलीला अकरावी-बारावीला म्हापशाला घातली तर?

थांबा. सही करण्यापूर्वी हे वाचा. महाराष्ट्राच्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी साधारण नियम असा आहे की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी, शिवाय अधिवास दाखला. काही अपवाद आहेत, पण "गोवा जवळ पडतो" हा त्यांत बसत नाही. बारावी गोव्यातून झाली की इकडचा कोटा हातचा जातो, आणि तिकडच्या कोट्याला तिथल्या रहिवासाची अट आडवी येते. मग राहतो तो ऑल इंडियाचा 15 टक्क्यांचा वाटा, ज्यात सगळा देश उभा असतो. उपचाराला आपण गोव्यात बांबोळीला जातो म्हणून शिक्षणालाही सरहद्द नसेल असं वाटतं. तिथे आहे. मुंबईत काकाकडे राहून बारावी केली तर काही बिघडत नाही.

आता ओरोस, अलिबाग, रत्नागिरीत सरकारी कॉलेज झालं. जिल्ह्यातल्या मुलांना जागा राखीव असतील ना?

नाहीत. अलिबाग आणि सिंधुदुर्गची कॉलेजं 2021-22 च्या बॅचपासून सुरू झाली, रत्नागिरीचं 2023 मध्ये. प्रत्येकी 100 जागा. त्यांतल्या 15 ऑल इंडियाला जातात, उरलेल्या 85 साऱ्या महाराष्ट्राच्या गुणवत्ता यादीतून भरतात. पूर्वी 70:30 चा विभागवार नियम होता (70 टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना, 30 साऱ्या राज्याला), तोही 2020 साली रद्द झाला, आणि तेव्हासुद्धा कोकण "उर्वरित महाराष्ट्रात" पुण्या-मुंबईबरोबर मोजलं जायचं. ओरोसच्या वर्गात लातूर-नांदेडची मुलं दिसतात ती त्यामुळे. त्यांच्यावर रागावून काही उपयोग नाही. आमच्या तालुक्यातली मुलगी नांदेडला शिकतेच आहे.

दोन गोष्टी मात्र तपासा. मुलींना 30 टक्के समांतर आरक्षण आहे. आणि डोंगरी भागाचा एक छोटा कोटा असतो. कोकणातले बरेच तालुके डोंगरी म्हणून जाहीर आहेत, पण अर्जात तो रकाना मुलं कोराच सोडतात. माहिती पुस्तिकेतल्या अटी वाचून दाखला आधीच काढून ठेवा.

किती मार्क लागतील?

हा प्रश्न रोज येतो आणि याचं सरळ उत्तर कोणीही दिलं तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नका. 2025 साली खुल्या वर्गाची पात्रतेची रेषा 144 होती. सरकारी एमबीबीएसला लागतात ते त्याच्या तिपटीहून जास्त. "मुलगा नीट पास झाला" म्हणून पेढे वाटले जातात, मग यादी लागते आणि घरात कोणी बोलत नाही. मागच्या वर्षीचे मार्क पाहून अंदाज बांधायचाच असेल तर मार्क सोडा आणि राज्याच्या यादीतला क्रमांक बघा. पेपर सोपा-अवघड झाला की मार्क शंभराने वरखाली होतात, क्रमांक तितका हलत नाही.

कागदपत्रं कधीपासून गोळा करायची?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यात उशिरा विचारला जातो, जुलैत, भर पावसात, निकाल लागल्यावर. माझ्या अठरा वर्षांत मार्कांवाचून अडलेली मुलं पुष्कळ पाहिली, पण कागदावाचून अडलेली पाहिली तेव्हा जास्त वाईट वाटलं.

जात वैधता आधी. जातीचा दाखला वेगळा, वैधता वेगळी. अकरावीत असतानाच कॉलेजच्या शिक्क्याने अर्ज करता येतो. पुरावा जुना लागतो: ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांची शाळेतली नोंद, नाहीतर गाव नमुना 14, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. जुन्या नोंदी मोडीत असतात. वाचणारा माणूस शोधावा लागतो, आणि तालुक्यात एखादाच असतो.

कोकणात आणखी एक गंमत. पणजोबा गिरणीत कामाला मुंबईला गेलेले, आजोबांची शाळा परळची, बाबांचा जन्म गावचा, आडनाव एका ठिकाणी गावावरून लावलेलं आणि दुसरीकडे घराण्यावरून. आजोबांना सगळे बाबू म्हणायचे म्हणून मास्तरांनी रजिस्टरात बाबूच लिहिलं, सातबाऱ्यावर मात्र धोंडू. हे दोघे एकच, हे सिद्ध करायला वंशावळ, शपथपत्र आणि सहा महिने लागतात. काका, आत्या किंवा चुलतभावाची वैधता आधीच झालेली असेल तर काम खूप हलकं होतं. त्यासाठी भावकीत अबोला असेल तर तो अकरावीतच मोडा.

नॉन क्रीमी लेयर दोन प्रकारचं लागतं: राज्याच्या प्रवेशाला राज्याच्या नमुन्यातलं, ऑल इंडियाला केंद्राच्या नमुन्यातलं. एक दाखवून दुसऱ्या खिडकीवर चालत नाही. तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघा. एसईबीसी हे राज्याचं आरक्षण आहे, केंद्राच्या 15 टक्क्यांत ते नाही. तारीख नीट वाचा. मुदत संपलेलं नॉन क्रीमी लेयर घेऊन आलेले पालक मी पाहिलेत, आणि प्रांत ऑफिसबाहेरची त्या आठवड्यातली रांगही.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला हे सगळं मूळ प्रतीत, प्लॅस्टिकच्या फायलीत, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे गुणपत्रकावरही बुरशी येते. लॅमिनेशन करू नका, तपासणीला आणि शिक्क्याला अडचण होते.

पहिल्या खेपेला नाही लागलं. एफवाय बीएस्सीला नाव घालून पुन्हा द्यावी का?

एकदा, हो. नाव घाला किंवा घालू नका, पण काय करताय ते आधी ठरवा. बीएस्सीला नाव, रोज कॉलेज, प्रॅक्टिकलची जर्नलं, शिवाय नीट असं केलं की दोन्ही अर्धवट राहतात. एफवायच्या बॉटनी-झूलॉजीचा नीटला उपयोग जवळजवळ नाही. नुसता मागे आधार असावा म्हणून नाव घालत असाल तर कॉलेजशी उपस्थितीचं आधीच बोलून घ्या. आणि मूळ शाळा सोडल्याचा दाखला त्या कॉलेजात जमा होतो हे ध्यानात ठेवा. मेडिकलला नंबर लागल्यावर तो दोन दिवसांत परत मिळवावा लागतो. नाव न घालता घरी बसलात तर गॅपचं शपथपत्र लागतं.

दुसऱ्यांदा रिपीट करायचं असेल तर मार्कांकडे बघा. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेत शंभराची वाढ असेल तर विचार करा. वीसची असेल तर पोराला विचारा की त्याला हे हवंय की तुम्हाला. तिसऱ्यांदा बसलेल्या मुलांशी गावात लग्नाकार्यात जे बोललं जातं, ते पेपरपेक्षा जड असतं.

परीक्षेच्या दिवशी काय सांभाळायचं?

नीट मे महिन्याच्या सुरुवातीला, रविवारी, दुपारी दोन ते पाच. आंब्याचा हंगाम, घरात पेट्या भरायची घाई, मुंबईहून पाहुणे. त्या दोन आठवड्यांत पोराला बागेतून मोकळं करा. गेट दीडला बंद होतं, आणि लग्नसराईत हायवेवर काय गर्दी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. फॉर्म भरताना शहर म्हणून रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग निवडा, तरी केंद्र चाळीस किलोमीटरवर येऊ शकतं. सकाळच्या एसटीवर विसंबू नका. बूट नको, चप्पल. पूर्ण बाह्यांचा ड्रेस नको, कानातलं-गळ्यातलं घरी. पेन केंद्रावर देतात. पारदर्शक बाटलीत पाणी न्या.

फेऱ्या कशा असतात? कॉलेजांचा क्रम कसा लावायचा?

आवडीने लावा, कटऑफच्या भीतीने नको. यंत्रणा वरून खाली बघते आणि तुमच्या क्रमांकाला मिळणारी पहिली जागा देते. वर मोठं कॉलेज लिहिल्याने खालचं हातचं जात नाही. मिळालेल्या जागेवर समाधान असेल तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म, पण तो भरला की पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. ऑल इंडियाच्या नोंदणीत डीम्डचा, म्हणजे अभिमत विद्यापीठांचा, चौकोन उगाच टिक करू नका, दोन लाखांची अनामत अडकते.

फेऱ्या नेमक्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे गणपतीच्या आगेमागे येतात. चाकरमानी इकडे यायला निघालेले आणि तुम्हाला मूळ कागद घेऊन विदर्भात जायचंय. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर हळू चालते, आणि कधी चालतही नाही: जुलै 2024 मध्ये दिवाणखवटीजवळ दरड आली आणि मार्ग जवळजवळ दिवसभर बंद पडला. हजर राहायच्या तारखेच्या आधी एक दिवस पोहोचा. गणपतीची आरती एक वर्ष काकांनी केली तर बाप्पा रागवत नाही.

"मॅडम, चेडवाक डॉक्टर करूचा आसा, खर्च किती येतलो?"

सरकारी कॉलेजची फी वर्षाला लाखाच्या घरात, वर होस्टेल-मेस. खाजगीत आठ-दहा लाखांपासून पुढे. साडेचार वर्षं, मग एक वर्ष इंटर्नशिप. मुलगी असेल, कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) प्रवेश असेल, ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत असाल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर जुलै 2024 च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. डीम्डला आणि मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. हे ऐकल्यावर एका आजीने मला फोनवरच विचारलं होतं, "मग आता लगीन कधी करूचा?" मी फोन मुलीकडे दिला.

सरकारी कॉलेजातून शिकलं की एक वर्षाची सक्तीची सेवा आहे, नाही केली तर दहा लाख. लोक याला शिक्षा समजतात. महाडसारख्या ठिकाणी राहून डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार जगापुढे ठेवला. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू आजही आपल्याच वाड्यांवर आहेत.

एमबीबीएस नाहीच मिळालं तर?

बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग, बीफार्म. यांतलं एखादं "नाइलाज" म्हणून घेऊ नका, त्या कॉलेजात एक दिवस जाऊन बसा. फिजिओथेरपीच्या वर्गात सुखी झालेल्या माझ्या दोन विद्यार्थिनी आहेत. परदेशाचा विचार असेल तर तिथेही नीट पात्र असावं लागतं, एकाच संस्थेत किमान 54 महिन्यांचं शिक्षण आणि 12 महिन्यांची इंटर्नशिप लागते, आणि परत आल्यावर इथली परीक्षा. एजंटचं माहितीपत्रक वाचण्याआधी तिकडे शिकत असलेल्या एखाद्या मुलाशी बोला, एजंटने गाठ घालून दिलेला सोडून.

फॉर्ममध्ये मोबाइल नंबर कोणाचा द्यायचा?

हसू नका, हा खरा प्रश्न आहे. बाबा मुंबईत, त्यांचा नंबर दिला जातो कारण तो जुना आहे. पोर गावात सायबर कॅफेत बसलंय, ओटीपी मुंबईत लोकलमध्ये येतोय, बाबांना रिंग ऐकू येत नाही, आणि चॉईस फिलिंगची मुदत रात्री बाराला संपते. तीन वर्षांपूर्वी आमच्या एका मुलाने अकरा वाजून चाळीस मिनिटांनी शेजारच्या काकांना उठवलं, काकांनी परळच्या खोलीच्या मालकाला फोन लावला, त्यांनी दार वाजवून बाबांना जागं केलं. सहा आकडे पोचले तेव्हा बारा वाजायला चार मिनिटं होती. नंबर त्या घरातला द्या जिथे फॉर्म भरला जाणार आहे, आणि ते सिम प्रवेश पक्का होईपर्यंत बदलू नका. घरात रेंज नसेल तर शेवटच्या दिवशी फॉर्म भरायला सड्यावर जाऊ नका, आदल्या दिवशी जा.